निखिलचं पार्सल

३ जाने., बोळिंज
इंग्लंडातल्या लेस्टरहून घरी येऊन आठवडा झाला नाही तोच माझ्या परतीच्या बॅगेवर लोकांचे डोळे. सगळ्यात पुढे खालच्या मजल्यावरच्या सावंत काकू. त्यांचा निखिल माझ्याच कॉलेजात. त्याच्यासाठी कुळथाचं पीठ, कोकमं, सांडगी मिरच्या. ठीक आहे. वर इस्त्रीचे शर्ट आणि टाय! "ऑफिसात रोज तोच शर्ट घालतो गं, फोटोत दिसतं ना."
दिसणारच. पहाटे ते ऑफिस झाडायला जातो तो. साहेब यायच्या आत त्याच्या खुर्चीत बसून फोटो काढतो.

४ जाने.
काकूंची तन्वीपण तिकडेच निघाली. दादाचे फोटो बघून, दुसरं काय! सोमवारी बँकेतल्या कायमच्या नोकरीचा राजीनामा देणार. डोकंच फिरलं. निखिलला मेसेज टाकला, बहिणीला तरी खरं सांग, नालायका.
उत्तर: "तोंड उघडलंस तर तुझ्या आईला सांगेन, म्हाताऱ्यांचे डायपर बदलतेस ते."
आईने बिल्डिंगभर सांगितलंय, मी हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. हलकट. माझ्या हातचा वरणभात गिळलाय याने.

६ जाने.
त्याच्याआधी मीच आईला सांगून टाकलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. लग्न व्हायचंय तुझं."
दमतेस का, एवढंही विचारलं नाही. इतका राग आला की रडूच फुटलं.

७ जाने., रवि.
गेले काकूंकडे. तन्वीसमोर सगळं सांगितलं, त्याचं नि माझंही. काका टीव्हीचा आवाज वाढवून बसले. काकू उसळल्या, "तुला जमलं नाही म्हणून माझ्या पोरांवर जळतेस? शर्ट दे परत!"
दिले. घरी आई बोलत नाही. नको बोलू.

८ जाने., सोम.
सकाळी बेल. दारात तन्वी, बँकेत निघालेली. राजीनामा पर्समध्ये.
"मला माहीत होतं, ताई. दादाने कधीच सांगितलंय."
"मग कशाला मरायला जातेस?"
"इथे दर रविवारी कांदेपोहे घेऊन बसवतात मला. त्यापेक्षा झाडू बरा." मग हळूच, "तुझ्या खोलीत जागा होईल का गं?"
त्या खोलीत आम्ही आधीच तिघी. एकीने गादी सोडली की दुसरी तिच्यावर आडवी होते. हे तिला कसं सांगू?
"संध्याकाळी सांग," म्हणाली आणि जिना उतरली.