काळी पडलेली पावती

मी, रूपा सावळाराम केणे, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर कोणाचा विश्वास नसेल तर कळावे, की काल सकाळी मी प्लेस्टेशनवर गाड्यांच्या शर्यतीत सोळा जणांत तिसरी आले. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. मसुदा वकील वैशालीताईंनी करून दिला होता. तो फारच कोरडा वाटला. कलमे त्यांची ठेवली आहेत, बाकी सगळे माझ्या हाताने लिहिते आहे.

माझे यजमान सावळाराम पंढरी केणे २०१८ साली वारले. त्यांचे नाव मी जन्मभर उखाण्याशिवाय घेतले नाही. इथे कायद्याला लागते म्हणून घेते.

कलम १. टेमघरचे दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. पुढची खोली मुलगा भूपेश याला, मागची मुलगी मेघाली हिला. "लग्न झालेल्या मुलीला कशाला?" असे भूपेश म्हणाला, तर पुढची खोलीही मेघालीला जाईल. हे वैशालीताईंना विचारून लिहिले आहे, नुसती धमकी नाही.

कलम २. बँकेतली ठेव दोघांनी सारखी वाटून घ्यावी. माझ्या तेराव्याला वालाचे बिरडे करावे. पनीर करू नये. पनीर खाऊन कोणी मेलेल्या माणसाची आठवण काढत नाही.

कलम ३. दागिने मेघालीला. नथ मात्र सून निशा हिला. तिला ती माझ्यापेक्षा शोभते, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

कलम ४. खेळाची यंत्रे. हे कलम लांबेल.

लग्नाआधी मी लूमच्या कारखान्यात कांड्या भरायचे, म्हणजे विणायचे सूत गुंडाळून द्यायचे. बोटे फार चपळ होती. सावळाराम टेम्पो चालवायचे. १९९३ साली त्यांनी बाजारातून टीव्हीला जोडायचा पहिला गेम आणला. आळीत सगळ्यांना वाटले, होणाऱ्या मुलांसाठी आणला. तो माझ्यासाठी होता. दुपारी भांडी घासून मी बसायचे आणि तो लहानसा माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत जायचा, त्याच्याबरोबर मीही जायचे. सासूबाई धोंडूबाई म्हणायच्या, "पोरगी येडी झाली." पण त्याही शेजारी बसून बघायच्या.

नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावायचे, ही आमच्या घरची रीत. त्या पहिल्या यंत्राला सासूबाईंनी हौसेने लावले. कुंकू फटीत गेले आणि यंत्र दोन महिन्यांत बसले. तेव्हापासून ठरले, की यंत्राला हात लावायचा नाही, त्याच्या पावतीला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवायची. या एका रीतीने आमचे घर मोडले. ते पुढे सांगते.

नवीन यंत्र बाजारात यायचे, त्या पहिल्या दिवशीच ते घ्यायचे, असे आमचे दोघांचे वेड. वर्षानुवर्षे डब्यात पैसे साठवून, नवी लुगडी न घेता ते पुरवले. २००७ च्या एप्रिलात प्लेस्टेशन तीन यायचे होते. त्याच्या पेट्या आधी आमच्या राहनाळच्या गोदामात येऊन पडल्या. धाकटे दीर मनोजभाऊजी तिथे सुपरवायझर होते. माल मोजून टेम्पोत चढवायचे काम त्यांचे, आणि वाशीच्या दुकानात पोचवायचे काम सावळारामांचे. तिथून ते घरी आले तेव्हा हातांना पुठ्ठ्याचा वास येत होता. मी म्हटले, "इतक्या पेट्या वाहिल्या, एक हलवून तरी बघितली?" म्हणाले, "आपली न्हाय ती अजून. उद्या हुईल."

दुसऱ्या दिवशी त्याच रिकाम्या टेम्पोतून आम्ही निघालो. मी मांडीवर चपातीभाजीचा डबा घेतला होता. कशेळीच्या पुलावर ऊन नुकते पडत होते आणि खाडीचे पाणी दुधासारखे दिसत होते. आजही डोळे मिटले की तो पूल संपत नाही, टेम्पो चालतोच आहे.

दुकानाबाहेर कॉलेजातली पोरे रांगेत उभी. एक जण म्हणाला, "आंटी, किराणा पलीकडे आहे." मी म्हटले, "ठाऊक आहे. मला प्लेस्टेशन हवे आहे." मग तो हसला आणि त्याने आम्हाला सावलीत जागा दिली. दार उघडायच्या आधी सगळे काचेपाशी सरकले. काचेतून आतले दिवे एकेक लागताना दिसत होते. मला वाटले, आपण एखाद्या परक्या गावाच्या वेशीवर आहोत आणि आत घ्यायला कोणीतरी येते आहे. सावळारामांनी माझा हात धरला. भर रस्त्यात हात धरणारा माणूस नव्हता तो.

काउंटरवरच्या मुलाने त्यांना ओळखले. "काका, काल तुम्हीच उतरवल्या ना?" ते म्हणाले, "हो, आता एक परत चढवतो." पैसे मोजून दिले, पावती घेतली.

घरी पेटी उघडली. काळे, गुळगुळीत यंत्र. चालू केले तर पडद्यावर मंद लाटा हलायला लागल्या आणि आम्ही कितीतरी वेळ खेळ न लावता त्याच बघत बसलो. मग सावळारामांनी भूपेशच्या नावाने एक खाते उघडले. तो शाळेतून आला की त्याने पहिला खेळ लावायचा, असे ठरले. पावतीला मी हळदकुंकू लावले आणि देवापुढे ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पितळेचे निरांजन. ते जळतच होते.

संध्याकाळी मनोजभाऊजी आले. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, दुकानातून फोन आलाय, एक पेटी कमी भरली. मग त्यांची नजर यंत्रावर गेली.

"दादा, हे कुठनं आलं?"

"इकत आणलं."

"बिल दाखव."

"देवापुढं हाय. जा, घे."

मी निरांजन उचलले. खालची पावती काळी ठिक्कर झाली होती. एक अक्षर दिसत नव्हते. त्या पावत्यांचा कागद उष्णतेने काळा पडतो, हे मला पुढे काही वर्षांनी कळले. त्या दिवशी मी नुसती ती हातात धरून उभी राहिले. भाऊजी म्हणाले, "शेठला काय सांगू मी?" दारात भूपेश दप्तर घेऊन उभा होता. तेरा वर्षांचा.

मी म्हटले, दुकानात चला, ते दुसरी पावती काढून देतील. सावळारामांनी अडवले. "माझ्या भावाला माझा शब्द पुरत न्हाय, तर दुकानदाराचा कशाला आणू?" त्यांच्या त्या मानीपणाचा मला अजून राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. सावळारामांचे गोदामाचे काम सुटले. दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. सावळारामांच्या मयताला भाऊजी आले, पण बाहेरच्या बाहेर गेले.

कलम ५. २०१४ च्या जानेवारीत आम्ही पुढचे यंत्र घेतले. तेव्हाही आम्ही दोघे रांगेत उभे होतो, पण पुलावर सावळाराम म्हणाले, "पावती नीट ठेव गं," आणि मला बाहेर बघावे लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत रांगच नव्हती. मेघालीने ऑफिसातून बटण दाबले. मी मात्र सकाळी इस्त्रीचे लुगडे नेसले, डबा भरला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पेटी आली ती राहनाळहून, पलीकडच्या रस्त्याने. शेजारची सावळारामांची खुर्ची मी काढून ठेवली नव्हती.

तेव्हा वाटणी अशी. २०२१ चे यंत्र मेघालीला. २०१४ चे निशाला. ती दुपारी गुपचूप खेळते, मला भिंतीतून ऐकू येते. २००७ चे भूपेशला. त्याने त्याला आजवर हात लावलेला नाही. त्या संध्याकाळपासून त्याला ते चोरीचे वाटते आणि बापाच्या फोटोला हार घालतानाही तो खाली बघतो. भूपेश, त्यात तुझ्या नावाचे खाते आहे. तुझ्या बापाने उघडले. आत अजून एकही खेळ खेळलेला नाही.

कलम ६. काळी पावती देव्हाऱ्यामागच्या पाकिटात आहे. ती फेकू नये.

कलम ७. घर, ठेव, दागिने यांची मला फिकीर नाही. ती कशीही वाटली जातील. मला एकच भीती आहे. सोमवारी मी उठले नाही, तर सावळाराम चोर नव्हते हे सांगणारे कोणी उरणार नाही. मुलगाच मानत नाही.

म्हणून दुसरे साक्षीदार म्हणून मी मनोजभाऊजींना बोलावले आहे. त्यांना या मृत्युपत्रात काहीच दिलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असे वैशालीताई म्हणाल्या. आणि मला त्यांची सही हवी आहे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायलाच हवा असे नाही, पण भाऊजी, तुम्ही वाचायचा, मोठ्याने, भूपेशसमोर. मग वाटेल ते करा. तुम्ही उठून गेलात तर वैशालीताईंचा कारकून दीपेश बाहेर बसला आहे, तो सही करील. मी तुम्हाला माफ केले की नाही, ते मला ठाऊक नाही. चहा ठेवला आहे.

वरील मजकूर माझा आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत, पूर्ण शुद्धीत सही करते.

स्थळ: टेमघर, भिवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) रूपा सावळाराम केणे

साक्षीदार १: भावना हरेश भोईर, शेजारीण, टेमघर. (सही)

साक्षीदार २: मनोज पंढरी केणे, राहणार राहनाळ. (सही)

सहीखाली साक्षीदार क्रमांक २ यांनी स्वहस्ते लिहिलेला मजकूर:

सगळं वाचलं. ती पेटी आठव्या दिवशी गोदामातच मिळाली, थप्पीच्या मागं. मोजणी माझी चुकली होती. बोललो असतो तर नोकरी गेली असती, म्हणून गप बसलो. दादा गेला तेव्हा पण गप बसलो. हे मी भूपेशच्या पेनानं लिहितोय. त्यानंच दिलं.