चार शब्दांचं पान

शाहूपुरी, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातला एक तूर्त राखून ठेवला आहे, कारण खाली आहे.

फोन का केला नाही, असं विचारू नकोस. फोनवर तू हसतेस आणि तुझ्या हसण्यात माझं निम्मं बोलणं बुडतं. शिवाय अठ्ठावीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईनं तक्रार लेखीच करावी.

दिवाळीला येऊन तू तुझ्या आईला, आमच्या आक्कांना, ती वाचायची पाटी देऊन गेलीस. तिला ई-रीडर म्हणतात हे मला कळतं. कॉन्व्हेंटात अकरा वर्षं मराठी बोलल्याबद्दल बाकावर उभी राहिलेली बाई आहे मी, इंग्रजी नावांना घाबरत नाही. पण मी तिला पाटीच म्हणणार.

आक्कांच्या नजरेच्या मधोमध डाग आला, त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, कडेकडेनं माणसं दिसतील, पुस्तकातलं अक्षर दिसणार नाही. तेव्हापासून रविवार सोडून रोज चार वाजता मी बावड्याच्या बसमध्ये असते. या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, बस कारखान्याच्या अलीकडे उभी राहते, गुडघा ठणकतो. तरी पाच ते सहा मी मोठ्यानं वाचलेलं आहे. जावेनं जावेसाठी इतकं केल्याचं दुसरं उदाहरण तुझ्या माहितीत असेल तर कळव.

परवा मी नववं प्रकरण काढलं, तर आक्का म्हणाल्या की ते सकाळीच झालं, आता अकरावं चाललंय, तू जरा बस. मी बसले. मांडीवर पुस्तक घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. त्या वाचत होत्या. पाटीवर ही एवढाली अक्षरं, एका पानावर चार शब्द. चार शब्द वाचायचे, बोट टेकवायचं, पुढचे चार. निवडणुकीतल्या भिंतीही यापेक्षा जास्त मजकूर देतात. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, चार तर चार, माझे मी वाचते की.

माझे मी. हे दोन शब्द मी घरापर्यंत घेऊन आले.

पुस्तकांच्या वासाचं कौतुक मी तुला सांगणार नाही. आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांना तंबाखूचा आणि हिंगाचा वास येतो, आणि कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी भुईमुगाचं बियाणं किती लागेल ते लिहिलेलं असतं. पाटी स्वच्छ आहे, हलकी आहे, कबूल. पण तिच्यासाठी आक्कांनी लोकरीचं कव्हर विणलंय. निळं, कडेला पांढरी वेल. आधी डोळे नाहीत म्हणत होत्या, हे बोटांच्या अंदाजानं विणलं म्हणे. बेचाळीस वर्षांत मला त्यांनी साधा रुमाल विणून दिला नाही.

उत्तर कागदावर दे. लोभ आहे, सध्या थोडा आंबट झालाय, चालवून घे.

तुझी
संयोगिताकाकू


बेंगळुरू
१९ नोव्हेंबर २०२४

ती. काकूंच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू दाबायला जिन्यात जाऊन बसले.

काकू, तुम्हाला पाटीचा मत्सर वाटतोय. यात लाजण्यासारखं काही नाही. लहानपणी मला आईच्या म्हशीचा वाटायचा, कारण आई तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. तुम्हाला निदान शिकलेल्या वस्तूचा वाटतोय.

पण एक दोष माझ्यावरून काढून घ्या. ही कल्पना माझी नव्हे. ऑगस्टमध्ये आईनंच फोन करून मागितलं, आणि संयोगिताला बोलू नको अशी ताकीद दिली. मला वाटलं, तुमच्या गुडघ्याची काळजी असेल. आणि गंमत ऐका. नवं एकही पुस्तक तिला नको. सहा वर्षांत तुम्ही जी जी वाचून दाखवलीत, तीच हवीत. यादी तिला तोंडपाठ होती. त्यातली सतरा मिळाली. इथून माझ्या फोनवरून मी ती चढवते, हवी तर उतरवते. तिला काही करावं लागत नाही. म्हणजे तुमचीच पुस्तकं ती पुन्हा वाचतेय. यापेक्षा मोठी पावती काय हवी?

रुमालाचं आईला सांगू का? नाही सांगत.

माया आहे तशीच राहू द्या, आंबट असली तरी.

तुमची
पूर्णिमा


शाहूपुरी, कोल्हापूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमा हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र हातात पडल्यापासून मी बावड्याला गेलेले नाही. गुडघा धरलाय असं कळवलंय. गुडघ्याचा यात काही संबंध नाही.

तुला इथली पुस्तकं तिथून उतरवता येतात ना? मग सोबतच्या चिठ्ठीवरची पाच आजच उतरव. आक्कांना सांग, यंत्र बिघडलं. यंत्रं बिघडतात, कुणाला आश्चर्य वाटणार नाही.

कारण लिहिते. छापलं होतं तसं मी वाचलेलं नाही.

सुरुवात प्रेमप्रसंगांपासून झाली. आमच्या शाळेत सिस्टर नको त्या पानावर कागद चिकटवायच्या आणि आम्ही मुली ते पान खिडकीशी धरून वाचायचो. म्हातारपणी मी सिस्टरची बाजू घेतली, एवढंच. त्याचं मला काही वाटत नाही.

पण मोठ्यानं वाचायला लागल्यावर मला कळलं की आपल्या लेखकांना घरातला एक तरुण मुलगा मारल्याशिवाय कादंबरी पुरी करता येत नाही. पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा मी आक्कांकडे पाहिलं. मी दोन पानं एकदम उलटली आणि त्या मुलाला सोलापूरला गिरणीत नोकरीला लावलं. दुसऱ्याला पलटणीत पाठवला. तिसऱ्याचं लग्न लावून दिलं आणि पुढची दोनशे पानं त्याची खुशाली मनानं सांगत राहिले. पाचजण असे जगवले. कुणाला काही कळलं नाही.

तुला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण आपण ते कधीच लिहिलेलं नाही. आक्का तेव्हा राधानगरीला राहायच्या, तिथून त्यांनी विश्वजितला, तुझ्या दादाला, कॉलेजसाठी माझ्या घरी ठेवलं होतं. त्या रविवारी त्यानं मला विचारलं, नदीवर पोहायला जाऊ का. मी जा म्हटलं. सत्तावीस वर्षं झाली. आक्का त्यावर मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. माझ्या तोंडून त्यांना पुस्तकातलंही मरण ऐकू जाऊ नये, असं मी ठरवलं होतं.

आणि ती पाटी काहीच गाळत नाही. जे आहे ते चार चार शब्दांनी समोर ठेवते. तिला घरचं माणूस कसं म्हणायचं, सांग. तुला वाटेल, मला आक्कांची काळजी लागलीय. निम्मी काळजी आहे. निम्मा राग आहे, की जे मला सहा वर्षांत जमलं नाही, ते त्या निळ्या कव्हरातल्या वस्तूला जमणार.

उतरवलंस की दोन ओळी टाक.

तुझी
काकू


बेंगळुरू
३ डिसेंबर २०२४

ती. काकूंना नमस्कार.

पुस्तकं मी उतरवलेली नाहीत, उतरवणारही नाही.

दादा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याचं नाव घरात काढायचं नाही, आईला त्रास होतो, हे मला तुम्ही सांगितलंत. मी आजवर काढलं नाही. परवापासून आठवून बघतेय, आईनं स्वतः तशी बंदी कधी घातली होती का? मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

आणि उशीर झालाय. ती कुठवर वाचते ते मला इथे दिसतं. तुमच्या पाचातली चार तिनं संपवलीत, पाचवं अर्ध्यावर आहे. मधे फोन आला होता. लसणीची चटणी करून पाठवू का, एवढंच विचारत होती.

रागानं लिहिलंय. कमीजास्त झालं असेल ते मी तुमचीच म्हणून पोटात घाला, आणि बावड्याला जा.

पूर्णिमा


कसबा बावडा
८ डिसेंबर

संयोगिता,

आशीर्वाद. नातीचं जाड स्केचपेन घेतलंय. कागदाला चारच ओळी बसत्यात. लई कागद झालं. पाकीट फुगलंय, तिकीट कमी पडलं तर तूच बघ, तू पोस्टातली हायस.

गुडघ्याचं खोटं सांगू नगंस. सूनबाईनं तुला मंडईत बघितलंय, पिशवी घिऊन तरातरा जाताना.

आता ऐक. तू दोन पानं उलटतीस ते मला कळतं. माझं डोळं गेल्यात, कान न्हाय. एका पानाचा आवाज येगळा, दोनाचा येगळा. पयल्यांदा वाटलं, चुकली आसंल. मग दर खेपंला त्याच्या आदी तुझा आवाज बसाय लागला. आणि पोरगं एकदम सोलापूरला. सणाला घरी न्हाय, आईला पत्र न्हाय. म्हटलं, आसलं कसलं पोरगं हे. तवाच समजलं.

तुला इचारलं आसतं तर तू भांडली आसतीस, न्हायतर यायची बंद झाली आसतीस. म्हणून पोरीकडं मशीन मागितलं. त्याला लाज न्हाय, त्ये समदं दाखवतंय. पाचबी वाचली. पाचबी पोरं गेल्यात. एक पाण्यात गेलंय. त्ये प्रकरण मला दोन दिस पुरलं. रडले. सूनबाई पळत आली, तिला म्हटलं, जा तू, भाकरी करपंल.

आणि त्या मोठ्या कादंबरीतली ती फटकळ आत्या, समद्यांस्नी उभं आडवं घ्यायची ती, मशीनमधी कुठं घावंना. पुढनं मागनं दोनदा बघितलं. पोरीला फोन केला, तर म्हणती, आई, आसलं त्यात कोण न्हाय. मला हसू आलं. त्या घरात तेवढंच एक माणूस बरं हुतं की.

तुला कवा बोलले न्हाय, म्हणून तुला वाटलं राग हाय. राग न्हवता. हेवा हुता. अजून हाय. त्याचं शेवटचं दीड वरीस तुझ्या घरात गेलं. काय खायाचा, कवा उठायचा, कुणासंगं भांडायचा, माझ्यापाशी त्यातलं कायबी न्हाय. मी त्याला सोळा वर्सं वाढीवला आणि ते दीड वरीस तू घिऊन बसलीस, कुणाला हात लावू दिला न्हाईस. त्ये कोण वाचून दाखवणार? मशीन?

गुरवारी ये. पुस्तक आणू नगंस.

तुझी
आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
१३ डिसेंबर २०२४

चि. पूर्णिमा हिस,

आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आक्कांनी बंदी घातली नव्हती. ती माझी होती. माझ्या सोयीची होती.

काल गेले. पाकिटाला खरंच तिकीट कमी पडलं होतं आणि माझ्याच जुन्या ऑफिसातल्या पोरानं जादा पैसे माझ्याकडून वसूल केले, तेही आक्कांना सांगितलं. आक्कांनी पाटी कव्हरात घालून कपाटावर ठेवली होती. मी सुरू केलं. विश्वजित पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन आला, ट्रंकेत कपड्यांपेक्षा तुमच्याकडचं तूप जास्त होतं. सकाळी त्याला उठवायला मला पाणी शिंपडावं लागायचं. पहिल्या चाचणीत तो गणितात नापास झाला, तो कागद आम्ही दोघांनी मिळून चुलीत घातला आणि तुझ्या वडिलांना पास झाला म्हणून कळवलं. आक्का म्हणाल्या, हे मला आज कळतंय व्हय, आणि मला खरोखरच्या चार शिव्या घातल्या. बऱ्या वाटल्या.

एके ठिकाणी माझा आवाज बसला. मी घाईनं पुढचं काहीतरी सांगायला घेतलं. आक्कांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या की पान उलटू नको, थांब तिथंच, मी हाय.

म्हणून थांबले. मग पुढचं सांगितलं.

मत्सराचं म्हणशील, तर तो आमच्या दोघींकडेही भरपूर निघाला. तुझ्याकडे म्हशीचा आहेच. लोभही त्याच घरचा, सांभाळून ठेव.

सहा वाजेपर्यंत आम्ही त्याच्या पहिल्या वर्षाच्या गणपतीपर्यंत आलो. तो मोदक मोजून खात नव्हता आणि मी रागावत होते. आज पुन्हा जाते आहे. त्या रविवारपर्यंत जायची घाई आम्हा दोघींनाही नाही.

तुझी
काकू