लिंबाच्या माथी कपाशीचा रोग

प्रति,
मा. फळरोप तपासणी अधिकारी,
आर्वी विभाग, जि. वर्धा.

विषय : निरोगी लिंबाचे झाड न तोडणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, दि. ११ सप्टेंबर २००८.

महोदय,

मी किसनराव कोहळे, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), कागदी लिंबाची रोपवाटिका चालवतो. माझे प्रत्येक रोप एकाच झाडाच्या बियांचे आहे. बावीस वर्षांच्या या झाडाला खैऱ्या हा झाडाझाडांत पसरणारा रोग झाल्याचे ठरवून ते १८ तारखेस तोडण्याचा आदेश आपण काढला आहे. झाडाला काहीही झालेले नाही.

१. परवान्याच्या नूतनीकरणासाठी लिंबाची पाने प्रयोगशाळेत पाठवत असता माझी पत्नी सौ. नलू म्हणाली, "लिंबाचे पानं धाडूनच राह्यले तं आपल्या कपाशीचं एक पान बी टाका ना. कायचे ठिपके हायेत ते तं समजंन." मी टाकले. तेवढी चूक माझी, ती कबूल आहे.

२. अहवालात लिंबाची पाने स्वच्छ निघाली. कपाशीच्या पानावर 'झँथोमोनास सिट्री, उपजाती माल्वेसिएरम' हा जिवाणू निघाला. प्रयोगशाळेचा खुलासा असा की, शास्त्रज्ञांनी जनुके तपासून कपाशीचा करपा व लिंबाचा खैऱ्या यांचे जिवाणू आता एकाच जातीत घातले आहेत. मात्र उपजाती निराळ्या, आणि कपाशीच्या उपजातीने लिंबाला खैऱ्या होत नाही.

३. आपल्या नोंदवहीत जातीचा रकाना आहे, उपजातीचा नाही. म्हणून 'सिट्री' एवढेच उतरले आणि परवाना लिंबाचा असल्याने ते लिंबाच्या नावावर पडले. मी तीनदा आर्वीला येऊन गेलो. आपले लिपिक अण्णाजी भले गृहस्थ. त्यांनी अहवाल पूर्ण वाचला आणि म्हणाले, "मले समजते, किसनराव. पण रकानाच नाई तं लिहू कुठं?"

४. माझ्या मुलीची, सुरभीची, सोयरीक गेल्या वर्षी पोटजातीवरून मोडली. तेव्हा कोणाला रकाना कमी पडला नव्हता. हे अर्जात लिहायला नको, पण राहवत नाही. रोगी कपाशी शेतात उभी आहे, तिच्याविरुद्ध आदेश नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हेच. माझे तर डोके चालेनासे झाले आहे.

तरी झाड वाचवावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व हतबल अर्जदार,
(सही)
किसनराव कोहळे
दि. १५ सप्टेंबर २००८

सोबत : १) अहवालाची प्रत २) प्रयोगशाळेचा खुलासा

ता. क. (हाताने) : अर्ज आर्वीला संगणकावर टाइप करायला दिला होता, तो भारनियमनामुळे आज, १९ तारखेस मिळाला. काल पथक येऊन झाड तोडून गेले. नंतर मंडळी त्याच कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर बसून जेवली. पाणी नलूनेच दिले. तरी वर 'झाड वाचवावे' आहे तेथे 'झाड निरोगी होते असे लिहून द्यावे' असे वाचावे. त्यासाठी रकाना लागत असल्यास मी घरून आखून आणतो.