बोलक्या छत्रीचा ठराव

४ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प : वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुवाबारा छत्री कारखान्याला नवा जन्म देणे. उघडताच कविता म्हणणारी कागदी छत्री! चौथीत हातानो गुरुजी खिडकीशी उभे राहून कविता म्हणवून घेत. तो सूर अजून कानात आहे. तो छत्रीत आणायचा. मीटिंग वीस तारखेला.

५ नोव्हेंबर
जुना पाइन हलवायचा तर माळी महिनोन्‌महिने आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतो. धंदाही तसाच. मीटिंगमध्ये काही ठरत नसतं. आधी एकेकाला गाठायचं, चहा घ्यायचा. हे सूनबाईला, चिझुरूला, मीच शिकवलं. कारखान्याची मॅनेजर ती. हुशार आहे. कवितेचं अंग नाही.

८ नोव्हेंबर
बांबू पुरवणारे नुनोकावा. बत्तीस वर्षांचे संबंध. छत्री दाखवली. दातांतून हवा ओढून म्हणाले, "कुवाबारासाहेब, जरा अवघड दिसतंय."
आमच्या जपानात, गिफू शहरात, याचा अर्थ 'नाही'. पण तो परक्यांत. बत्तीस वर्षांनंतर अवघड म्हणजे नुसतं अवघड. होकार एक.
सूनबाई परवाच येऊन गेली म्हणे. गुणी पोर, संबंध जपते.

११ नोव्हेंबर
बँकेचे इगाराशी. गुंतवणुकीचं काढलं. सकारात्मक विचार करू म्हणाले, आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत वाकून उभे. नकार द्यायला इतकं कोण वाकतं? होकार दोन.
टेबलावर आमच्या गल्लीतल्या मिठाईचा डबा. सूनबाईही तिथूनच घेते. योगायोग.

१३ नोव्हेंबर, पाऊस
चाचणी. स्पीकरसाठी कागदाला भोक पाडावं लागलं. जागेवरच सुचलं :
छत्री उघडली,
कविता बाहेर आली,
पाऊस आत.
आमचा म्हातारा कारागीर ओकिता निथळत म्हणाला की साहेब, भिजलो खरा, पण कविता पाठ झाली. नोंद : ग्राहक समाधानी.

१५ नोव्हेंबर, घाईत
ठरावाचा फिरता कागद आला. खालून वर एकेकाचा शिक्का घेत येतो, माझा शेवटचा. मी वाचत नाही. वाचणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास. शिवाय भाषणाची शेवटची ओळ अडली होती. मारला शिक्का. बाकीच्यांचे माझ्याकडे झुकलेले, नमस्कार केल्यासारखे. माझा ताठ. बघत राहावंसं वाटलं.

१९ नोव्हेंबर
भाषण चार पानं. आरशासमोर दोनदा. दुसऱ्यांदा डोळे भरून आले. उद्या विजय.

२० नोव्हेंबर
मीटिंग चार मिनिटं. छत्री पिशवीतच.
ओकिताने फिरता कागद वाचला. कारखाना चिझुरूकडे. बँक आणि नुनोकावा तिच्या नव्या दिव्यांच्या कामात पैसे घालणार. छत्रीचाच कागद, पण छताला टांगायचा. साहेब आजपासून सन्माननीय सल्लागार. टेबल खिडकीशी. सहा शिक्के. सर्वांत स्पष्ट माझा.
मी म्हणालो, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. इगाराशी वाकले.
चिझुरू हळूच म्हणाली, "बाबा, जुनं झाड हलवायचं तर आधी मुळं मोकळी करावी लागतात. तुम्हीच शिकवलंत ना?"
उत्तम शिकवलं होतं.

२१ नोव्हेंबर, खिडकीशी
फिरता कागद आला. आता माझा शिक्का शेवटून दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा कागद पूर्ण वाचला. विषय : सल्लागारांच्या टेबलावर छप्पर गळते, तात्पुरती एक छत्री द्यावी. भोक नसलेली.
शिक्का मारला. चिझुरूकडे किंचित झुकवून.