विसाव्या मात्रेवरून

प्रिय बाबा,

आज सकाळी दोनदा दूध उतू गेलं. मी समोर उभी असताना! बोटं ओट्यावर मात्रा मोजत होती आणि डोळे कुठेच नव्हते. दुपारी पावर हाउसच्या बाजारात जाताना ऑटोच्या दांडीवरही तेच. ऑटोवाला मागे न बघता म्हणाला, "आंटी, तबला सीख रहे हो क्या? इस उमर में?" तो हसला, मीही हसले. बोटं काही थांबली नाहीत.

कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. खुर्सीपारच्या विहारात तुमची भजनमंडळी गाणार आहे. काल गजभिये काका घरी आले. तुमच्यामागे ढोलकी आता तेच वाजवतात.

"बेबी, रविवारी पेटीवर तू बसशीन."

"काका, पेटीले हात लावून किती वर्षं झाले! मले नाही जमत आता."

"चार तं जमते न तुले? तू आपले चार धरून ठेव. मी सात वाजवतो. बुवानं शिकवून ठेवलं मले."

बाबा, आपला खेळ तुम्ही काकांना शिकवलात? मला न सांगता?

तो तर आपल्या दोघांचाच होता ना! दोन खोल्यांचं क्वार्टर. तुम्ही रोलिंग मिलमधून फर्स्ट शिफ्ट करून यायचात, मी कॉन्व्हेंटमधून. अंगावरचा युनिफॉर्मही न बदलता मी पेटी उघडायची आणि सिस्टरनं शिकवलेली प्रार्थना वाजवायची. वन, टू, थ्री, फोर. तुम्ही ढोलकी ओढून सातांचा ठेका धरायचात. तीन, दोन, दोन. शास्त्रात त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुम्ही नुसतं 'सात' म्हणायचात. लय दोघांची एकच, पण माझं आवर्तन चाराला पुरं व्हायचं आणि तुमचं साताला. पहिल्यांदा तर मी रडकुंडीला आले होते.

"बाबा, तुमी कावून बिघडवून राहिले माहं?"

"बिघडवत नाही बेबी. तू तुह्या रस्त्यानं ये, मी माह्या रस्त्यानं येतो. अठ्ठावीस झाले का भेटू."

आणि खरंच भेटायचो! माझ्या सात फेऱ्या, तुमच्या चार. अठ्ठावीस मात्रा संपल्या की तुमची थाप आणि माझा पहिला सूर एकाच क्षणी पडायचा. किती किंचाळायचे मी! सिगडीजवळून आई विचारायची, "आले का दोघं घरी? या मंग आता चहा प्याले."

सिस्टर चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे सगळं चारातच असायचं. फार तर वॉल्ट्झ नाचाचे तीन. मी एकदा तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं की चार हेच बरोबर, बाकी सगळं गावठी. तुम्ही रागावला नाहीत. ढोलकीची दोरी ताणत म्हणालात, "चारात माणूस चालते. सहात झुलते. सातात दाराशी येऊन जरासा थबकते, मंग आत येते. सारंच चारात असतं तं जिंदगी परेड झाली असती न बेबी!"

मग तो ॲन्युअल डे आला. शाळेचा ड्रम वाजवणारा ऐनवेळी आजारी पडला आणि मीच फुशारकीनं सांगून बसले, माझे बाबा वाजवतात. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलात. मी पियानोवर, तुम्ही स्टेजच्या कडेला सतरंजीवर. दोन कडवी तुम्ही सरळ चारात वाजवलीत. मग गाणं थांबून नुसत्या वाजवण्याची जागा आली. तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत आणि सात धरलेत.

मला कळलं होतं बाबा. पहिल्याच फेरीला कळलं होतं. पण मागच्या ओळीतल्या मुली खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, अंकल गलत बजा रहे हैं." माझे कान तापले. विसाव्या मात्रेवर मी पियानोवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

माझ्या पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. तुमची तिसरी एका मात्रेनं अपुरी होती. तुम्ही थांबला नाहीत. सगळा हॉल गप्प, आणि तुम्ही एकटे वाजवत राहिलात. एक मात्रा, मग एक अख्खा सात. जिथे मी भेटायला हवं होतं तिथे थाप दिलीत. ती एकटी थाप! टाळ्याही पडल्या नाहीत. सिस्टरनं घाईनं पुढचं गाणं सुरू करायला लावलं.

घरी जाताना मी सायकलवर मागे बसले होते. तुम्ही विचारलंत, "कावून थांबली वं?"

"तुमी चुकले न सगळ्यांसमोर!"

पॅडल मारता मारता तुम्ही म्हणालात, "चुकलो नव्हतो बेबी. वाटेत होतो."

त्यानंतर तो खेळ झाला नाही. तुम्हाला मी खोटं पाडलं, तेही जाणूनबुजून. मुलींना एवढंच सांगायचं होतं की थांबा, ऐका, आत्ता भेटतो आम्ही. माझ्या इंग्लिशला तेवढं जमलं नसतं का? आठच तर मात्रा उरल्या होत्या!

आणि तुम्ही तरी! इतकी वर्षं एकाच गावात होतो. दर रविवारी मी यायचे, तुमच्या बीपीच्या गोळ्या मोजून डबीत भरायचे, पोरांचं सांगायचे. ढोलकी समोरच टांगलेली असायची. पेटी पलंगाखाली. एकदा म्हणायचं होतं, "काढ वं पेटी." की माझ्याच तोंडून ते यावं म्हणून थांबला होतात? शेवटी दवाखान्यात चादरीवर तुमची बोटं हलत होती. नर्स म्हणाली कमजोरी आहे. मी मोजून बघितलं नाही. भीती वाटली बाबा, सात निघाले तर काय करू?

काल काका निघताना दारात थबकले. मी हळूच विचारलं, "बाबा माह्याबद्दल काही बोलत होते का? त्या दिवसाबद्दल?"

काका चपला घालता घालता हसले. "बोले न! म्हणे, माही बेबी अजून वीसवरच उभी आहे. हरवली नाही. आठ राहिले तिचे, येईन पोरगी."

दार लावून मी किती वेळ तिथेच उभी होते, माहीत नाही. विसाव्या मात्रेवर थांबले आणि तेव्हापासून जिवाला विसावा नाही, हे तुम्हाला कळलं होतं तर!

काल रात्री, तुमच्या पलंगाखालून आणून ठेवलेली पेटी काढली. भात्याला भोक पडलंय, कागद चिकटवून भागवलं. उजव्या हातानं चार वाजवत पायानं सात मोजायला जाते. पंधरा, सोळा, सतरापर्यंत नीट जातं. वीस आला की हात आपोआप उचलला जातो. आज सकाळपासून किती वेळा झालं असेल! एवढं वय झालं, तरी मागच्या ओळीतल्या त्या मुली अजून खुदखुदतात.

पण बाबा, रविवारी मी बसणार आहे. काका सात धरतील तेव्हा विहारातलं कुणी हसेल, कुणी म्हणेल बाई चुकली, माझीच नात "आजी, ये क्या हो रहा है" म्हणून पदर ओढेल. ओढू दे. हात उचलणार नाही. एकवीस, बावीस, तेवीस, सगळ्या मोजीन. मधेच चुकले तर पुन्हा एकपासून धरीन, काकांना थांबवून ठेवीन, पण अठ्ठाविसाच्या पुढची ती थाप यावेळी एकटी पडू देणार नाही.

वाटेत असलेली,
तुमची बेबी