बाबांच्या डिस्कवरची जागा

३ मार्च
विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम बसवायची. नव्या नोकरीत सगळं काम त्यावरच, आधी हात बसायला हवा. घरात कॉम्प्युटर एकच — बाबांचा. डिस्कवर ऐंशी जीबी जागा मोकळी करून विंडोजपासून वेगळी काढायची. मोकळी आहे फक्त नऊ!

नोकरी घ्यायची की नाही, तेच ठरत नाही. शहर परकं, गाडीने बारा तास. वरच्या मजल्यावर मावशी आहे, बाबांच्या जेवणाची काळजी नाही. पण पक्षाघात झाल्यापासून दीड वर्ष ते 'हो' नाहीतर 'नको' एवढंच बोलतात, बाकी पाटीवर. पूर्वी रोज दुपारी ऑफिसात फोन — "हॅलो, मी बाबा बोलतोय." जणू दुसरं कोणी असणार होतं! मावशी म्हणते, "व्हिडिओ कॉल कर की, पाटी दिसेल." दिसेल. मला आवाज हवाय.

१५ तारखेपर्यंत कळवायचंय.

४ मार्च
जागा कुणी खाल्ली ते सापडलं. फोल्डरचं नाव 'जुनी कागदपत्रं', आत चारशे व्हिडिओ. नावं म्हणजे नुसत्या तारखा. "बाबा, काढून टाकू?" — "नको." "बघू तरी?" — "नको!" आणि पाटी पालथी घालून बसले. हट्टाला तोड नाही.

५ मार्च
अबोला. त्यांना काय, सवयच आहे — असं लिहिलं आणि लाज वाटली.

७ मार्च
मी वाईट वागले. बाबा मावशीकडे गेलेले. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा सेव्ह झालाय, अशी स्वतःची समजूत घालून सर्वांत जुने वीस पुसले. कायमचे. एकविसावा चुकून उघडला.

बाबा. तोंड एका बाजूला ओढलेलं, कानाला बंद फोन. "हॅ... लो. मी... बा..." अडकले. पुन्हा. पुन्हा अडकले. मग कालचा उघडला. "हॅलो. मी बाबा बो..." तिथे थांबले आणि स्वतःलाच हसले.

रोज सकाळी मी आंघोळीला गेले की दार लावून घ्यायचे. मला वाटायचं, पेपर वाचतात. पोटभर रडले.

संध्याकाळी सगळं कबूल केलं. त्यांनी पाटीवर लिहिलं — "बरं झालं. त्यात फारच वाकडा दिसत होतो."

९ मार्च
उरलेले सगळे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर उतरवले. एकेक उघडून खात्री केली, मगच इथले काढले. विंडोजचा भाग लहान केला. बाबा खुर्ची ओढून शेजारीच. बटण दाबायला मी कचरत होते, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाबलं. ऐंशी जीबी मोकळी!

१० मार्च
लिनक्स बसलं. कॉम्प्युटर सुरू केला की आता विचारतो — हे की ते?

मी मात्र नकाराचं पत्र लिहिलंय. चारशे दिवस त्या एका वाक्यासाठी झटणाऱ्या माणसाला सोडून कशी जाऊ? पत्र विंडोजमध्येच ठेवलंय. उद्या पाठवीन.

११ मार्च
दुपारी ऑफिसात फोन. घरचा नंबर.
"हॅलो. मी... बाबा बोलतोय. ते पत्र... पुसलं. जा."