गांडुळांच्या वाफ्याचा वारस

मी, खाली सही करणारा, वयाने ऐंशीला टेकलेला, धंद्याने पुस्तकबांधणीवाला (दुकान आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याची खातरी म्हणून डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. तो मी सांगितला, आणि न विचारता चौथीच्या पुस्तकातली नदीवरची कविताही चालीवर म्हटली. दोन कडव्यांनंतर ते म्हणाले, "पुरे, शाबूत आहे." ते या कागदाचे पहिले साक्षीदार. दुसरी साक्षीदार माझी मेहुणी, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीची धाकटी बहीण.

कलम पहिले. राहते घर, पुढच्या बांधणीच्या खोलीसह, मुलगी आणि मुलगा यांना निम्मे-निम्मे. त्या खोलीच्या भिंतींना अजून पुस्तके चिकटवायच्या खळीचा वास येतो. विकायची वेळ आलीच तर गिऱ्हाइकाला ती ओल वाटेल. ती ओल नाही, एवढे त्याला सांगावे.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवीतून माझा शेवटचा खर्च भागवून उरेल ते दोघांनी सारखे वाटून घ्यावे. माझ्या धाकट्या भावाकडे असलेली लाकडी शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती त्याने नेली होती, मी दिली नव्हती, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

कलम तिसरे. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभण, सुया आणि घडी दाबायची हाडाची पट्टी मुलीला. लहानपणी ती बांधणीच्या टेबलाखाली बसून कातरणांची घरे करी, आणि वर मी काय गुणगुणतो ते तिला आपोआप पाठ होई. शाळेतली कवितेची पुस्तके मी कापडी बांधणीत घालून ठेवली आहेत, तीही तिलाच. मुलगा वृत्तात चुकतो. हा दोष म्हणून लिहीत नाही. त्याला यंत्रांचा कान आहे.

कलम चौथे. (हे कलम पुढे दिलेल्या कारणाने रद्द. खोडले आहे, पण वाचता येईल असे ठेवले आहे.) मागच्या दाराच्या पायरीखाली विटांचा, खाटेएवढा लांब वाफा आहे. वर ओले पोते, आत गांडुळे. ही माझ्या पत्नीची मिळकत. तिचा उजवा हात आजारात लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून तिने तो खिडकीत ठेवून दिला आणि कागद फाडायला घेतला. अंड्यांचे ट्रे, बुटांची खोकी, किराण्याच्या कागदी पिशव्या, घरात येईल ते. पायरीवर बसायची, लुळ्या हाताखाली कागद दाबून धरायची आणि डाव्या हाताने ओढायची. पुढे पुढे उजव्या हाताची बोटेही थोडी वळू लागली. मी जन्मभर कागद जोडत आलो आणि ही दिवसभर फाडते, असे मी म्हणालो की उत्तर तयार असे, "तुमचं काम वाळवी खाते, माझं गांडूळ खातं. कोणाचं पोट भरल्याचा उपयोग झाला, सांगा."

वाफ्याची रीत अशी. पट्टी बोटाएवढी रुंद. पिना आणि चिकटपट्टी आधी काढायची. चकचकीत कागद, प्लास्टिक चढवलेला पुठ्ठा आणि दुकानातली गुळगुळीत पावती घालायची नाही. कागद भिजवून, धुतलेल्या कपड्यासारखा पिळून, भाज्यांच्या सालींत मिसळायचा. गांडुळाला दात नसतात. कागद मऊ पडतो, त्याच्यावर बुरशी धरते, मग ते हळूहळू ओढून घेते. मला वाटे, छापील अक्षरे तरी मागे राहतील. काही राहत नाही. ओंजळीत चहाच्या पत्तीसारखी काळी माती येते आणि तिला पाऊस पडून गेल्यावरचा वास असतो. त्या वासाला नेमका शब्द मी कितीतरी वर्षे कवितांत शोधत होतो, तो मला त्या मातीपाशी सापडेल असे वाटे. सापडला नाही.

अशा या वाफ्यावर मुलाने एका सकाळी मुंग्यांची पावडर टाकली. दुपारी पोते उचलले तर गांडुळे वर येऊन निपचित पडलेली. त्याला विचारले. तो एवढेच म्हणाला, "मुंग्या झाल्या होत्या." मी म्हणालो, "मुंग्यांपायी आईचं भरलं गोकुळ मारलंस." तळाशी ओल्या पुठ्ठ्याखाली मूठभर जगली होती, त्यांच्यापासून तिने वाफा पुन्हा भरला. आजची गांडुळे त्यांचीच प्रजा. पत्नी गेली, वाफा राहिला. तेव्हापासून मुलाशी मी कामापुरते बोलतो. आता मागे फरशी घालून गाडी लावावी असे त्याच्या मनात आहे. सबब वाफा आणि मागची सर्व मोकळी जागा एकट्या मुलीला देतो. मुलाने वाफ्याला हात लावू नये, फरशी घालू नये.

येथवर लिहून मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. डॉक्टरांनी पेन उघडले. मेहुणीने आपल्या पेनाला टोपण लावले.

"भावोजी, याच्यावर मी सही करणार नाही."

का, असे विचारले. तिने वाफ्यावरच्या पोत्याकडे बोट केले. मग म्हणाली, "ताईच्या त्या हाताला काही कळत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं ना? वाफ्यातल्या लाल मुंग्या त्या हातावर चढायच्या. चावून चावून मनगट टरारून फुगलं, तरी ही आपली फाडत बसलेली. पोराने पाहिलं. तो तुम्हाला सांगायला निघाला तर तिनेच अडवला. म्हणाली, यांना कळलं तर मला आत कॉटवर बसवतील. मग त्याने काय करायचं होतं? पावडर आणली. फक्त कडेनं टाकायची, हे त्याला कोणी सांगितलं नाही."

मी म्हणालो, मनगटाला पट्टी होती खरी. पत्नी म्हणायची, भाजलंय.

"मीच बांधली होती," मेहुणी म्हणाली. "तिनं तिघांनाही शपथ घातली. मी, पोरगा आणि पोरगी. आज मोडली. बघून घेईल ती माझ्याकडे."

डॉक्टर चष्मा पुसत बसले. मी मुलाला फोन लावला. एवढी वर्षे बोललास का नाहीस, असे विचारले. यंत्रांचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुम्ही चिडला होतात, बाबा. पण ती बाहेर बसत होती ना? मग चाललं होतं की."

मुलगी इथेच होती. तिला विचारले, वाफा दादाला दिला तर तुझी हरकत आहे का? ती म्हणाली, कुंड्यांपुरती माती मिळाली की झाले. मग म्हणाली, "चार नंबरचं कलम वाचताना तुमचा आवाज कापत होता, बाबा. कविता म्हणताना कधी कापत नाही."

कलम चौथे, नव्याने. वाफा, पोते, गांडुळे आणि पत्नी बसायची ती पायरी मुलाला. मागची मोकळी जागा घराबरोबर दोघांची. फरशी घालायची की नाही ते त्यांनी ठरवावे. मी कोणतीही अट घालत नाही.

वकील म्हणतात, खाडाखोडीचा कागद बरा दिसत नाही, स्वच्छ प्रत करू. करू नये. खोडलेल्या प्रत्येक ओळीशेजारी मी सही केली आहे. या मृत्युपत्राचा आधीचा कच्चा मसुदा मात्र टाचणी काढून वाफ्यापाशी ठेवला आहे. मुलगा रविवारी येतो म्हणाला आहे. पट्ट्या त्याने कराव्यात, भिजवायला मी बसेन.

स्थळ: राहत्या घराची मागची पायरी.
दिनांक: तारीख वकिलांच्या शिक्क्यात आहे. माझ्यापुरता, पत्नी गेल्यानंतरचा सहावा उन्हाळा.

मृत्युपत्र करणार: पुस्तकबांधणीवाला (सही)
साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: मेहुणी (सही. नवे कलम पुन्हा एकदा वाचून घेऊन मग केली.)